फुटबॉलची हुल्लडबाजी आणि गल्लीतला त्रास: ब्रिटनचे कायदे प्रत्यक्षात कसे चालतात?

पेठकरी (प्रश्न)

कोल्हापुरात शाहू स्टेडियमवरच्या एखाद्या सामन्यात राडा झाला की चार दिवस तीच चर्चा चालते, आणि कुणीतरी हमखास म्हणतं, "इंग्लंडने बघा कसं सरळ केलं." कसं केलं, हे मात्र कुणी सांगत नाही. तालीम-मंडळांच्या बैठकीसाठी एक टिपण करायचं आहे, म्हणून जाणकारांना विचारतो.

प्रेक्षकावर बंदी कोण घालतं, आणि ती घातल्यावर तो माणूस खरोखर बाहेर कसा राहतो? घोषणा आणि गाणी यांच्यावर कायदा लावता येतो का? मैदानाबाहेरच्या गल्लीत राहणाऱ्यांना रोजचा जो ताप होतो, त्याला याच कायद्यात उपाय आहे की वेगळ्या? आणि बंदोबस्ताचा खर्च कोण देतं? मोघम नको, कलम आणि पद्धत सांगा.

---

काळाकोट_लीड्स

पेठकरी, "इंग्लंडने कायदा केला" असा एकच कायदा तिथे नाही. दर मोठ्या घटनेनंतर एक थर चढत गेला आहे. १९८५ मध्ये दारूबद्दलचा कायदा आला, १९८९ मध्ये फुटबॉल स्पेक्टेटर्स ॲक्ट, १९९१ मध्ये मैदानातल्या कृत्यांबद्दलचा फुटबॉल ऑफेन्सेस ॲक्ट. युरो २००० या स्पर्धेत बेल्जियममधल्या शार्लरॉयला इंग्लंडच्या पाठीराख्यांनी धिंगाणा घातला आणि त्याच वर्षी बंदीची तरतूद कडक झाली. युरो २०२० च्या अंतिम सामन्यानंतर रॅशफर्ड, सँचो आणि साका या इंग्लंडच्या कृष्णवर्णीय खेळाडूंना ऑनलाइन वर्णद्वेषी शिवीगाळ झाली, म्हणून २०२२ मध्ये ऑनलाइन द्वेषही त्यात आला.

यातलं खरं हत्यार म्हणजे १९८९ च्या कायद्यातली फुटबॉल बॅनिंग ऑर्डर. ती क्लब देत नाही, पोलीसही देत नाहीत, न्यायालय देतं. क्लब स्वतःची बंदी घालू शकतो, पण ती दुकानदाराने गिऱ्हाइकाला "पुन्हा येऊ नको" म्हणण्यासारखी. ती मोडली तर तिकीट जातं, तुरुंग नाही. चर्चेत या दोन्ही बंद्या सर्रास एकत्र कालवल्या जातात.

न्यायालयाच्या बंदीला दोन वाटा आहेत.

पहिली कलम १४अ ची. फुटबॉलशी निगडित गुन्ह्यात दोषी ठरल्यावर शिक्षेसोबत बंदी येते. कैद झाली असेल तर किमान ६ आणि कमाल १० वर्षं, कैद नसेल तर ३ ते ५ वर्षं. पूर्वी "बंदीने हिंसाचार टळायला मदत होईल" असं न्यायालयाला पटावं लागे. २०२२ पासून उलटं झालं: अन्यायकारक ठरेल अशी खास परिस्थिती नसेल तर बंदी द्यायचीच.

दुसरी कलम १४ब ची. इथे शिक्षा झालेली असण्याची गरज नाही. पोलीस प्रमुख मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करतो आणि दोन गोष्टी दाखवतो. या माणसाने पूर्वी कुठेही, परदेशातसुद्धा, हिंसाचार किंवा गोंधळ केला वा त्याला हातभार लावला; आणि बंदी घातल्याने पुढचा गोंधळ टळायला मदत होईल. पुरावा १० वर्षांहून जुना चालत नाही. बंदी ३ ते ५ वर्षं. हे "न्यायालयाच्या नावाने पोलीसराज" आहे अशी टीका झालीच. २००२ मध्ये गॉफ खटल्यात अपील कोर्टाने तरतूद टिकवली, पण बजावलं की कार्यवाही दिवाणी असली तरी पुरावा जवळजवळ फौजदारी तोलाचा हवा.

आता तुमचा मुख्य प्रश्न, माणूस बाहेर कसा राहतो? गेटवर चेहरा ओळखून अडवणं हा यातला सर्वांत कच्चा भाग. पक्का भाग कागदाचा आहे:

आदेश झाल्यापासून ५ दिवसांत नेमून दिलेल्या पोलीस ठाण्यात हजर व्हायचं. नाव, पत्ता किंवा पासपोर्ट बदलला तर ७ दिवसांत कळवायचं. इंग्लंडचा संघ किंवा क्लब परदेशात खेळणार असेल आणि नोटीस आली, तर पासपोर्ट ठाण्यात जमा करायचा. हा नियंत्रणकाळ सामन्याच्या ५ दिवस आधी सुरू होतो, आणि स्पर्धा असेल तर पहिल्या सामन्याच्या ५ दिवस आधीपासून अंतिम सामना संपेपर्यंत चालतो. शिवाय न्यायालय जादा अटी घालू शकतं, जसं की सामन्याच्या दिवशी ठरावीक तासांत स्टेडियमभोवतीच्या नकाशात आखलेल्या भागात फिरकायचं नाही. यातलं काहीही मोडलं तर तो स्वतंत्र गुन्हा, ६ महिन्यांपर्यंत कैद. म्हणजे मारामारी पुन्हा सिद्ध करत बसायची गरजच नाही, ठाण्यातल्या नोंदवहीत सही नाही एवढं पुरे.

सगळ्या आदेशांची नोंद एकाच मध्यवर्ती कार्यालयात असते. ती नसती तर लीड्समध्ये बंदी असलेला माणूस पुढच्या शनिवारी न्यूकॅसलमध्ये आरामात बसला असता.

---

रंकाळा_७७

म्हणजे आपल्याकडची तडीपारीच की. फक्त शनिवारपुरती.

---

काळाकोट_लीड्स

दिसायला तशी, पण दोन फरक मोठे आहेत. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ५६ ची तडीपारी प्रशासकीय अधिकारी काढतो, पोलीस आयुक्तालयात बहुधा उपायुक्त, आणि अपील राज्य सरकारकडे. तिथे निर्णय न्यायालयाचा. दुसरं, तडीपारीत माणूस घरदार, कामधंदा सोडून जिल्ह्याबाहेर जातो, जास्तीत जास्त २ वर्षं. बॅनिंग ऑर्डरमध्ये तो घरातच राहतो, नोकरी करतो, फक्त सामना आणि त्याभोवतीचे तास त्याच्या आयुष्यातून काढून घेतले जातात. त्यामुळेच ती १० वर्षं टिकू शकते. तडीपारी अपवाद म्हणून आणि जपूनच वापरा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सांगितलं आहे. हुल्लडबाज पोरांवर ती उगारणं म्हणजे डासाला तोफ.

आणि बंदी आजन्म नसते. दोन तृतीयांश काळ उलटला की ती उठवण्याचा अर्ज करता येतो. ही खिडकी मला महत्त्वाची वाटते. सुधारण्यात काही फायदा उरला नाही तर आदेश पाळण्यातही उरत नाही.

---

ऑफसाइड_अण्णा

वर एक गोष्ट राहिली, आणि प्रकरणं नेमकी तिथेच गळतात. गुन्हा "फुटबॉलशी निगडित" कधी मानायचा?

कायद्यात दोन वेळचौकटी आहेत. मैदानातल्या कृत्यांसाठी, म्हणजे वस्तू फेकणं, खेळपट्टीत घुसणं, अश्लील किंवा वर्णद्वेषी घोषणा, सामन्याच्या २ तास आधीपासून १ तास नंतरपर्यंत. बाहेरच्या मारामारीसाठी सामन्याच्या २४ तास आधीपासून २४ तास नंतरपर्यंत. पण बाहेरच्या बऱ्याच गुन्ह्यांत "हे त्या सामन्याशी संबंधित होतं" असं न्यायालयाने वेगळं जाहीर करावं लागतं, आणि तशी मागणी होणार हे सरकारी पक्षाने खटल्याच्या किमान ५ दिवस आधी आरोपीला कळवायचं असतं. ही नोटीस राहून गेली की बचावपक्ष पहिला हात तिथेच घालतो. न्यायहितासाठी न्यायालय सूट देऊ शकतं, पण त्या भरवशावर कुणी राहू नये.

आणि सामना "विनियमित" हवा. प्रीमियर लीग, फुटबॉल लीग, नॅशनल लीग, आंतरराष्ट्रीय वगैरे. रविवारी पार्कात चालणाऱ्या हौशी लीगमध्ये राडा झाला तर १९८९ चा कायदा लागत नाही, तिथे साधे फौजदारी कायदे. पेठकरी, टिपणात हे ठळक लिहा. पेठांच्या फुटबॉलसाठी नियम करायचा तर कोणत्या स्पर्धा, कोणतं मैदान, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, हे आधी ठरलं पाहिजे.

दारूबद्दल थोडक्यात. १९८५ च्या कायद्याने सामन्याला निघालेल्या कोचमध्ये आणि खास रेल्वेगाड्यांमध्ये दारू बाळगणं गुन्हा आहे, आणि चालू देणारा गाडीवालाही दोषी. नंतर ८ हून जास्त प्रवाशांच्या मिनीबसही आल्या. मैदान दिसेल अशा जागी हातात पेला चालत नाही, म्हणून लोक स्टँडच्या मागच्या बोळात घटाघट पिऊन येतात. शेवटच्या दहा मिनिटांत घाईने प्यायलेल्या बिअरमुळे उलट त्रास वाढतो, असं म्हणणारे बरेच आहेत, आणि त्यात तथ्य वाटतं. बाटलीचं मात्र काम झालं: फेकून लागेल असं भांडंच आत नेता येत नाही, आणि आतल्या स्टॉलवर प्लॅस्टिकच्या बाटलीचं झाकण काढूनच देतात. झाकण लावलेली भरलेली बाटली दगडासारखी जाते, उघडी वाटेतच सांडते.

---

क्लाइडकाठचा

घोषणांच्या प्रश्नावर स्कॉटलंडकडे बघा. इंग्लंडपेक्षा जास्त शिकण्यासारखं तिथे आहे, कारण तिथे फसलं.

२०१२ मध्ये 'ऑफेन्सिव्ह बिहेवियर ॲट फुटबॉल' कायदा लागू झाला. पार्श्वभूमी ग्लासगोच्या सेल्टिक आणि रेंजर्स या क्लबांच्या पाठीराख्यांतली, कॅथलिक-प्रोटेस्टंट तेढीची गाणी. कलम १ मध्ये धार्मिक द्वेष, धमकी वगैरे होतंच, पण शेवटी एक पोतडी जोडली: "समंजस माणसाला आक्षेपार्ह वाटण्याची शक्यता आहे असं इतर कोणतंही वर्तन." सोबत अट, त्यातून सार्वजनिक गोंधळ माजण्याची शक्यता हवी. ही अट पुढच्याच पोटकलमाने पोकळ केली. भडकणारे लोक तिथे हजर नसले तरी शक्यता आहे असंच धरायचं! म्हणजे पूर्ण स्टँड आपल्याच लोकांचा, ऐकणारा विरोधक एकही नाही, तरी गुन्हा.

परिणाम असा की कोणतं गाणं चालतं आणि कोणतं नाही हे गाणाऱ्याला आधी कळेना. पोलीस स्टँडचं चित्रीकरण करत बसले, पाठीराखे आणि पोलीस यांच्यातला उरलासुरला संवाद तुटला, आणि एका शेरिफने (तिकडचा न्यायाधीश) तर भर कोर्टात कायद्याला "मिन्स" म्हटलं. तिकडच्या बोलीत त्याचा अर्थ निव्वळ फालतू. मार्च २०१८ मध्ये स्कॉटलंडच्या संसदेने तो ६२ विरुद्ध ६० मतांनी रद्द केला.

रद्द झाल्यावर द्वेषगाण्यांना मोकळं रान मिळालं का? नाही. धमकी किंवा शिवीगाळीचं २०१० च्या कायद्याचं कलम ३८ आधीपासून होतंच, धर्मद्वेषाचा हेतू असेल तर शिक्षा वाढवण्याचीही सोय होती. विरोधक २०११ पासून हेच सांगत होते: जे आधीच गुन्हा आहे त्याला फुटबॉलची जर्सी चढवू नका.

इंग्लंडच्या १९९१ च्या कलम ३ लाही अशीच खोट होती, फक्त उलट बाजूची. मुळात घोषणा किमान दोघांनी मिळून दिलेली हवी होती, एकटा ओरडला तर सुटायचा. १९९९ मध्ये ते दुरुस्त झालं. तरी त्या कलमातल्या वर्णद्वेषाच्या व्याख्येत वंश, वर्ण, राष्ट्रीयत्व एवढंच येतं, समलैंगिकांवरच्या शिव्या नाहीत. त्यांच्यासाठी सरकारी वकील सार्वजनिक सुव्यवस्थेच्या १९८६ च्या कायद्याकडे वळतात. दुर्घटनांची टिंगल करणाऱ्या गाण्यांनाही २०२३ पासून तोच मार्ग. त्या वर्षीच्या एफए कपच्या अंतिम सामन्याला हिल्सबरो मैदानावरच्या १९८९ च्या चेंगराचेंगरीतल्या ९७ मृतांची थट्टा करणारा शर्ट घालून आलेल्याला त्याच कायद्याखाली दंड आणि ४ वर्षांची बंदी झाली.

---

पेठकरी

हे सोन्यासारखं आहे, मंडळी. "आक्षेपार्ह वर्तन" हे शब्द आमच्या मसुद्यात जसेच्या तसे आहेत, ते आज काढतो.

आता गल्लीचं सांगा. मैदानाशेजारच्या लोकांचं म्हणणं असं की दंगा वर्षातून चार वेळा होतो, पण दारात लघवी, हॉर्न, रात्री एकपर्यंत बोंबलणं हे कायमचं.

---

कौन्सिलवाली_लेस्टर

याला फुटबॉलचा कायदा लागत नाही. इथे २०१४ चा असामाजिक वर्तनाचा कायदा येतो. त्याआधी १९९८ चा ॲस्बो, म्हणजे असामाजिक वर्तनाला मनाई करणारा आदेश, होता. दिवाणी आदेश, पण मोडला तर ५ वर्षांपर्यंत कैद. निम्म्याहून जास्त ॲस्बो एकदा तरी मोडले गेले. एकाच आदेशात पंधरा-पंधरा मनाई घालायचे: टोपी घालू नको, अमक्या रस्त्याने जाऊ नको. पोरगं आठवड्यात चुकणारच. इंग्लंड-वेल्समध्ये ॲस्बो गेला, स्कॉटलंडमध्ये २००४ च्या कायद्याखाली तो अजून आहे.

सध्याच्या साधनांपैकी तुमच्या प्रश्नाला लागू पडणारी तीन.

पहिलं, पांगवण्याचा अधिकार, कलम ३४-३५. इन्स्पेक्टर दर्जाचा अधिकारी एका भागासाठी जास्तीत जास्त ४८ तासांची लेखी परवानगी देतो. त्या भागातल्या माणसाला पोलीस निघून जायला आणि ठरावीक वेळ परत न यायला सांगतात, शक्यतो लेखी, कुठून कुठपर्यंतचा भाग ते नमूद करून. राहत्या घरी किंवा कामावर जाण्यापासून मात्र अडवता येत नाही. स्थानिक सामन्यांना याची सर्वांत जास्त गल्लत होते: ज्याला हाकललं तो त्याच गल्लीत राहतो.

गैरवापराचं उदाहरण याआधीच्या कायद्यातलं आहे, २००६ च्या कलम २७ चं. नोव्हेंबर २००८ मध्ये स्टोक सिटीचे ऐंशीच्या वर पाठीराखे मँचेस्टरजवळ अर्लममधल्या पबमध्ये बसले होते. गडबड झालेली नसताना सगळ्यांना सरसकट नोटिसा देऊन बसमध्ये घालून परत पाठवलं, सामना न बघता. नंतर पोलिसांना भरपाई द्यावी लागली. वर्तन बघायचं सोडून जर्सी बघितली, तिथेच चुकलं.

दुसरं, पीएसपीओ, म्हणजे सार्वजनिक जागेचा संरक्षण आदेश. हा कौन्सिल, म्हणजे तिथली नगरपालिका, काढतं, कमाल ३ वर्षं, पुढे वाढवता येतो. त्रास सततचा आणि अवाजवी आहे याचा पुरावा लागतो, पोलिसांशी सल्लामसलत सक्तीची, आणि बाधित रहिवासी ६ आठवड्यांत हायकोर्टात आव्हान देऊ शकतो. स्टेडियमभोवती उघड्यावर दारू पिण्यासाठी तो बऱ्याच ठिकाणी वापरतात. बारीक मुद्दा: दारूच्या बाबतीत पिणं हा गुन्हा नाही, अधिकाऱ्याने "थांबव, बाटली दे" म्हटल्यावर न ऐकणं हा गुन्हा. त्यामुळे अधिकारी रस्त्यावर नसेल तर पाटी नुसतीच शोभेला. इतर मनाया मोडल्या तर जागेवर (२०२५ मध्ये तरी) १०० पौंडांपर्यंत दंड, कोर्टात गेल्यास १,००० पर्यंत. हा जागेवरचा दंड ५०० वर नेण्याची आणि 'रिस्पेक्ट ऑर्डर' नावाचा नवा आदेश आणण्याची तरतूद सरकारने २०२५ मध्ये मांडलेल्या विधेयकात होती. १८ वर्षांवरच्यांसाठी, आणि मोडणं हा थेट गुन्हा. फिरून ॲस्बोच, अशी कुजबुज उगाच नाही.

तिसरं साधन रहिवाशांच्या हातातलं, आणि माझ्या मते सर्वांत कमी वापरलं जाणारं: प्रकरणाचा फेरआढावा. पूर्वी त्याला कम्युनिटी ट्रिगर म्हणत. ६ महिन्यांत ३ तक्रारी झाल्या आणि तोडगा निघाला नाही, तर रहिवासी आढाव्याची मागणी करू शकतो. उंबरठा यापेक्षा वर ठेवता येत नाही. मग कौन्सिल, पोलीस, आरोग्ययंत्रणा, गृहनिर्माण संस्था यांना एकत्र बसून लेखी उत्तर द्यावं लागतं. "हे आमच्याकडे येत नाही, तिकडे जा" हा टोलवाटोलवीचा खेळ तिथे थांबतो.

बाद कशामुळे होतं? प्रत्येक तक्रार घटनेपासून महिन्याच्या आत केलेली हवी. लोक वर्षभर सोसतात आणि एके दिवशी रागाने दहा पानी पत्र लिहितात. त्यातल्या जुन्या घटना मोजल्याच जात नाहीत. वहीत तारीख, सुरू झाल्याची वेळ, संपल्याची वेळ, काय झालं, घरातल्यांवर काय परिणाम, आणि तक्रारीचा नोंद क्रमांक. "रोज त्रास होतो" या वाक्याला शून्य किंमत. "शनिवार, रात्री ११:४० ते १२:२५, दोन बाइकचे हॉर्न, तक्रार क्रमांक अमुक" याला आहे.

---

ऑफसाइड_अण्णा

खर्चाचं उरलंय, ते सांगून टाकतो. क्लबने मागितलेल्या खास बंदोबस्ताचे पैसे पोलीस घेऊ शकतात, १९९६ च्या पोलीस ॲक्टचं कलम २५. पण कुठल्या जागेचे? लीड्स युनायटेडने वेस्ट यॉर्कशायर पोलिसांविरुद्ध हा खटला २०१३ मध्ये अपील कोर्टात जिंकला: क्लबच्या मालकीच्या, भाड्याच्या किंवा ताब्यातल्या जागेचेच. बाहेरच्या सार्वजनिक रस्त्यावरचा बंदोबस्त हे पोलिसांचं नेहमीचं कर्तव्य, त्याचं बिल नाही. २०१७ मध्ये इप्सविच टाउनच्या खटल्यात प्रश्न आला की सामन्याच्या दिवशी वाहतुकीला बंद केलेला रस्ता क्लबच्या ताब्यात धरायचा का? कोर्टाने नाही म्हटलं.

म्हणून आत स्टुअर्ड, म्हणजे गर्दी सांभाळणारे कर्मचारी, क्लबचे, बाहेर पोलीस करदात्याच्या पैशाने, आणि दोघांच्या मधली शंभरेक पावलं कुणाचीच नाहीत. राडा बहुधा तिथेच सुरू होतो. वर आलेल्या युरो २०२० च्या अंतिम सामन्याला (तो २०२१ मध्ये लंडनच्या वेम्बलीवर झाला) विनातिकीट सुमारे २,००० जण आत शिरले. त्यावरच्या केसी अहवालाने बोट ठेवलं ते याच सीमेवर: बाहेरच्या गर्दीची जबाबदारी कुणाची हे नीट ठरलेलं नव्हतं.

---

पेठकरी

शेवटचं. स्पर्धेचे आयोजक कोर्टाविना आपल्या पातळीवर यातलं काय उचलू शकतात?

---

काळाकोट_लीड्स

क्लबवाली बंदी. तिकिटामागे अट छापा: कोणतं कृत्य, किती सामने, अपील कुणाकडे, किती दिवसांत. निर्णय एकट्याचा नको, तिघांचा ठेवा, आणि त्या पेठेचा माणूस त्यात नको. बंदीचं पत्र हातात द्या आणि पोच घ्या. नुसतं फलकावर नाव लावलं तर पोरगं त्याचा फोटो स्टेटसला ठेवतं. तिकिटावर नाव नसेल तर बंदी गेटवर टिकणार नाही, म्हणून निदान ज्या स्टँडमध्ये नेहमी गडबड होते तिथली तिकिटं ओळखपत्रावर द्या.

---

कौन्सिलवाली_लेस्टर

आणि शेजाऱ्यांसाठी सामन्याच्या दिवशी उचलला जाईल असा एक फोन नंबर. इथे क्लब, पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका आणि कौन्सिल यांचा सुरक्षा सल्लागार गट असतो. त्याच्या बैठकीत गल्लीच्या तक्रारी याव्यात असं वाटत असेल तर कुणीतरी त्या लिहून घेतलेल्या असाव्या लागतात.

---

रंकाळा_७७

नंबर मंडळाच्या अध्यक्षांचा नको तेवढा. त्यांचा फोन सामना सुरू झाला की लागत नाही.